नऊ नंबरच्या बसवालीचं बीपी

मार्लिस केस्टिला एकतीस वर्षं शाळेची बस चालवत होती आणि एवढ्या वर्षांत तिने एकदाही गाडी नाकारली नव्हती. एकदा तर सकाळी दाढ काढून, गालात कापूस धरून तिने दुपारची फेरी केली होती. पोरांना त्या दिवशी भलताच आनंद झाला, कारण मार्लिसला ओरडण्यासाठी तोंडच उघडता येत नव्हतं.

लेक सुपीरियर नावाच्या समुद्राएवढ्या तळ्याच्या काठचा हा मुलूख एकेकाळी तांब्याच्या खाणींवर जगला. खाणी बंद झाल्या, मग लाकडाची गिरणीही बंद झाली. गिरणीच्या कचेरीत कामाला असलेली मार्लिस तेव्हा बसवर आली. "दुसरं काही मिळेपर्यंत," असं नवऱ्याला म्हणाली होती. दुसरं काही मिळालं नाही आणि पुढे तिने शोधलंही नाही. नऊ नंबरची बस, एक्केचाळीस पोरं, टेकडीवरची वस्ती ते तळ्याकाठची शाळा. रस्त्याला तीन वळणं अशी, की बर्फाच्या दिवसांत नवा ड्रायव्हर तिथे मनातल्या मनात प्रार्थना म्हणतो. मार्लिस तिथे पोरांना मागच्या आरशातून दटावत असे.

तिच्या कामाची एक पद्धत होती. पहाटे डेपोत गेल्यावर गाडी हलवायच्या आधी टायरची हवा, ब्रेकचा दाब, दिवे, दारं, सगळं ठरलेल्या क्रमाने. डेपोचा मेकॅनिक डेल्मर तिला चिडवायचा, "अगं, काल संध्याकाळी मीच बघितलीय हवा." मार्लिस म्हणायची, "तू बघितलीस तेव्हा गाडी नुकतीच येऊन थांबली होती. तापलेल्या टायरचा आकडा मला सांगू नकोस."

अशा या बाईला नोव्हेंबरात एका आकड्याने गाठलं.

मोठी गाडी चालवणाऱ्यांना ठरावीक काळाने डॉक्टरी तपासणी करून कार्ड घ्यावं लागतं. कार्ड नाही तर गाडी नाही. मार्लिस दरवेळी जायची, दहा मिनिटांत कार्ड खिशात घालून यायची. या खेपेला तपासणाऱ्याने बीपी दोनदा घेतलं, थोडं थांबून तिसऱ्यांदा घेतलं आणि कागदावर लिहिलं, एकशे अडुसष्टवर अठ्ठ्याण्णव.

"हे जास्त आहे," तो म्हणाला. "तीन महिन्यांचं कार्ड देतो. तेवढ्यात तुमच्या डॉक्टरांकडून उपचार सुरू करा. फेब्रुवारीत परत या. एकशे चाळीस-नव्वदच्या खाली आलं तर वर्षाचं कार्ड."

"आणि नाही आलं तर?"

"तर गाडी चालवता येणार नाही."

त्याने हे अगदी सौम्यपणे सांगितलं. मार्लिसला वाटलं, ओरडला असता तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी रात्रीच्या जेवणानंतर घ्यायची एक गोळी दिली, मीठ कमी करायला सांगितलं आणि घरी मशीन आणून सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून वहीत लिहायला सांगितलं. कसं मोजायचं याचा एक कागदही दिला. तो मार्लिसने फ्रिजवर चुंबकाखाली लावला आणि त्याच्यावर चर्चच्या कॉफीपानाचं वेळापत्रक लावलं, म्हणजे तो कागद पुन्हा कुणाच्या नजरेस पडला नाही.

खरी भीती बसची नव्हती. म्हणजे बसची होतीच, पण तिच्या मागे आणखी एक उभी होती. मार्लिसचे वडील लाकूडतोडे. एकसष्टाव्या वर्षी जंगलातच त्यांच्या डोक्यातली शीर फुटली. पुढची चार वर्षं ते स्वयंपाकघरात खिडकीपाशी बसून होते, उजवा हात मांडीवर पडलेला. त्यांना 'कॉफी' म्हणायचं असायचं आणि तोंडातून नुसता 'क' निघायचा. आई कप हातात द्यायची तेव्हा ते तिच्याकडे बघतसुद्धा नसत. मार्लिस आता बासष्टची होती.

मशीन आलं. पहिला आठवडा ठीक गेला. नंतर वही बिघडत गेली.

सकाळचे आकडे चढेच. एकशे पासष्ट, एकशे बहात्तर, एकशे सत्तर. संध्याकाळी जरा बरे. आणि मधूनच एखाद्या संध्याकाळी अठ्ठ्याण्णववर साठ, किंवा त्र्याण्णववर छप्पन्न. वहीचं पान करवतीच्या दात्यांसारखं दिसू लागलं. असं अठ्ठ्याण्णव दिसलं, की मार्लिस रात्रीची गोळी तळहातावर घेऊन बसायची. इतकं खाली आलंय आणि त्यावर आणखी गोळी घेतली तर? झोपेत आणखी उतरलं आणि सकाळी उठलोच नाही तर? अशा संध्याकाळी ती गोळी बाटलीत परत टाकायची. नवऱ्याला सांगायची नाही.

वेस केस्टिला तसाही विचारणाऱ्यातला नव्हता. त्याने आयुष्यभर जंगलात करवत चालवलेली, आता कान अर्धे गेलेले आणि बोलणं त्याहून कमी. नाश्त्याला वेलची घातलेला गोड पाव, ज्याला इथे निसू म्हणतात, तो कॉफीत बुडवून खायचा आणि खिडकीतून बर्फाचा अंदाज घ्यायचा.

"किती आलं?" एवढंच तो विचारायचा.

"बरंय," एवढंच ती सांगायची.

जानेवारीतल्या एका गुरुवारी हे 'बरंय' संपलं.

रात्रभर तळ्याकडून बर्फ येत होता. पहाटे रस्ता साफ करणारी गाडी येऊन गेली आणि सगळा बर्फ त्यांच्या वाटेच्या तोंडाशी भिंतीसारखा रचून गेली. वेस उठायच्या आत मार्लिसने बर्फाचं मोठं फावडं घेऊन ती भिंत ढकलायला घेतली. ओला, जड बर्फ. पाऊण तासाने घामेघूम होऊन आत आली, उभ्याउभ्याच दोन कप काळी कॉफी घेतली आणि घड्याळ बघून घाईघाईने मशीनपुढे बसली. लोकरीच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला. मशीन घुरघुरलं.

एकशे शहाऐंशीवर एकशे आठ.

तिने लगेच पुन्हा बटण दाबलं. एकशे एक्क्याण्णव. पुन्हा. एकशे नव्वद. दंड दुखायला लागला, बोटं जड झाली. सहाव्यांदा मोजलं तेव्हा तिला उजव्या हाताची बोटं हलवून बघावीशी वाटली. हलली. मग ती स्वयंपाकघरात एकटीच मोठ्याने म्हणाली, "कॉफी." नीट उमटलं. तरी तिने आणखी दोनदा म्हणून बघितलं.

दारात वेस उभा होता. "देतो," तो म्हणाला आणि किटलीकडे गेला.

मार्लिसने फोन उचलला. "डेल्मर, आज मी गाडी काढत नाहीये."

पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग डेल्मर म्हणाला, "गाडी काढत नाहीस म्हणजे?"

"म्हणजे काढत नाहीये. माझं बीपी एकशे नव्वद आहे. त्या तिसऱ्या वळणावर मला काही झालं, तर एक्केचाळीस पोरं आहेत मागे."

"बरं," डेल्मर म्हणाला. त्याच्या आवाजातली चेष्टा पार गेली होती. "मी नेतो. तू दवाखान्यात जा. आत्ता जा."

वेसने पिकअप काढली. एकदाच तो म्हणाला, "छातीत दुखतंय?" ती नाही म्हणाली. "हात?" नाही. "बरं," तो म्हणाला आणि पुढे नेहमीपेक्षा जरा जोरात गेला.

दवाखान्यात नर्स होती जोलीन ट्रेझोना. ही सहा वर्षांची असल्यापासून मार्लिस तिला ओळखत होती, कारण जोलीन नऊ नंबरचीच. पाचव्या सीटवर उभी राहून मागच्यांशी भांडणारी.

जोलीनने आधी तिला हसायला लावलं, दोन्ही हात वर धरायला लावले, एक वाक्य म्हणायला लावलं. छातीत, डोक्यात, नजरेत काही वेगळं वाटतंय का विचारलं. काहीच नव्हतं. मग तिला पाठ टेकायला असलेल्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "आता पाच मिनिटं गप्प बसायचं."

"अगं पण आकडा..."

"मार्लिस, गाडी थांबेपर्यंत बोलायचं नाही. आठवतंय ना कोण म्हणायचं हे?"

मार्लिस गप्प बसली. पाच मिनिटांनी उघड्या दंडावर जोलीनने मोजलं, एक मिनिट थांबून पुन्हा मोजलं. एकशे चोपन्नवर ब्याण्णव, एकशे एक्कावन्नवर नव्वद.

"बिघडलंय तुमचं मशीन," मार्लिस म्हणाली.

"तुमचं आणलंय का? काढा." जोलीनने घरच्या मशीनवर मोजलं. एकशे बावन्न. "दोन्ही चांगले आहेत. आता घरी कसं मोजता ते करून दाखवा. अगदी घरच्यासारखं. मी इथे नाहीच असं समजा."

मार्लिसने करून दाखवलं. स्वेटर परत चढवला, बाहीवर पट्टा गुंडाळला, पायावर पाय टाकला, हात मांडीवर सोडला, पुढे वाकून काचेतला आकडा बघत बसली. आणि मशीन चालू असताना सांगत राहिली, "मग मी रोज पहाटे आधी बर्फ काढून घेते, कारण वेसचा गुडघा; मग कॉफी, कॉफीशिवाय माझे डोळे उघडत नाहीत; मग हे उरकते आणि पळतच बाथरूमला जाते, कारण तोवर..."

जोलीनने तोंडावर हात धरला होता. आकडा आला, एकशे एकाहत्तर.

"बघ," मार्लिस म्हणाली. "वाढलं."

"वाढणारच. तुम्ही वाढवायची एकही गोष्ट सोडली नाहीये. बर्फ ढकलल्यावर बीपी चढतंच, चढायलाच हवं. वर कॉफी. वर भरलेली लघवी. पायावर पाय. हात छातीच्या खाली लोंबतोय. जाड बाहीवर पट्टा. शिवाय बोलणं. यातलं एकेक पाच-दहा आकडे सहज चढवतं. आणि लागोपाठ सहा वेळा पट्टा आवळल्यावर घाबरून आणखी." तिने वही ओढली. "पण हे काय आहे? हे अठ्ठ्याण्णव, हे त्र्याण्णव? हे कसं आलं?"

"तेच तर मला कळत नाही. म्हणून मी त्या दिवशी..." मार्लिस थांबली.

"त्या दिवशी काय?"

मार्लिसने दाराकडे बघितलं. वेस बाहेर बाकावर होता आणि त्याला तसंही ऐकू येत नव्हतं. "त्या दिवशी गोळी घेत नाही."

जोलीनचं हसू गेलं. ती वहीवर बोट फिरवत राहिली. "बुधवार. शनिवार. बुधवार. शनिवार, शनिवार, बुधवार." तिने मान वर केली. "मार्लिस, तुमच्याकडे सौना कधी असतो?"

"बुधवारी आणि शनिवारी. सगळ्यांकडेच तेव्हा असतो." केस्टिलांच्या घरामागे लाकडाची छोटी खोली होती. शेगडीवर तापलेल्या दगडांवर पाणी टाकायचं, वाफेत घाम गाळायचा, बाहेर बर्फात दोन मिनिटं उभं राहायचं, पुन्हा आत. मार्लिसच्या आजीचा जन्म अशाच खोलीत झाला होता. "सौनातून आलं की मला इतकं शांत वाटतं, म्हणून मी तेव्हाच मोजून..."

तिचं वाक्य तिथेच राहिलं.

"तापलेला टायर," मार्लिस हळूच म्हणाली.

"काय?"

"एकतीस वर्षं मी डेल्मरला सांगतेय, गाडी पळून आली की टायरची हवा मोजू नकोस, तो आकडा खोटा. थंड होऊ दे, मग मोज. आणि तापलेल्या टायरातली हवा तर कधीच कमी करू नकोस." तिने कपाळावर हात मारला. "मी नेमकं तेच केलं. फक्त माझा टायर तापला की खाली जातो."

"वाफेने शिरा सैल होतात, घामाने पाणी जातं, म्हणून तास-दोन तास बीपी उतरतं," जोलीन म्हणाली. "ते खरंच उतरलेलं असतं, पण ते तुमचं रोजचं बीपी नाही. त्या आकड्यावर तुम्ही आठवड्यातून दोन दिवस गोळी सोडलीत. म्हणजे बुधवारी गोळी नाही, गुरुवारी पहाटे बर्फ, कॉफी, लोकर. आजचा वार कोणता?"

"गुरुवार."

"एवढंच घडलंय. पण एक ऐका. गोळी सोडणं ही यातली खरी चूक आहे. तुमचं बीपी जास्त आहे, ते काही मशीनच्या घोटाळ्याने नाही. गोळी कमी करायची, सोडायची, वाढवायची, हे डॉक्टरांना विचारून. नुसता आकडा बघून मनानेच नाही."

"मला वाटलं, झोपेत शून्यावर जाईल."

"असं वाटलं तर फोन करायचा. मी इथेच असते. तुमचं ओरडणं ऐकायची मला सवय आहे."

डॉक्टर येऊन गेले. गोळी तीच ठेवली, रोज न चुकता. सौना बंद करायला सांगतील म्हणून मार्लिस जीव मुठीत धरून बसली होती. त्यांनी बंद केला नाही. वेळ थोडा कमी, बर्फात उडी नको, पाणी भरपूर, उठताना सावकाश, चक्कर आली तर कळवायचं. आणि त्या संध्याकाळी मोजायचंच असेल तर सौनाच्या आधी. बस सोमवारपासून, तीही तोवरचे आकडे बघून.

निघताना जोलीनने वहीच्या आतल्या पानावर स्वतःच्या हाताने लिहून दिलं. उठल्यावर बाथरूमला जाऊन मग मोजायचं, बर्फाच्या आणि कॉफीच्या आधी. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, उघडा दंड, हात टेबलावर छातीच्या उंचीला. पाच मिनिटं गप्प. दोनदा मोजायचं, मध्ये एक मिनिट. दोन्ही लिहायचे, आवडलेला एकच नाही. खाली रेघ मारून तिने लिहिलं: एकशे ऐंशीच्या वर गेलं आणि बाकी सगळं ठीक असेल, तर पाच मिनिटं बसून पुन्हा मोजा, तरी तेवढंच असेल तर लगेच दवाखान्याला फोन. छातीत दुखलं, दम लागला, तोंड वाकडं झालं, हात किंवा पाय लुळा पडला, बोलताना जीभ अडखळली किंवा दिसेनासं झालं, तर मोजत बसू नका, ॲम्ब्युलन्स बोलवा.

"वेसलाही वाचायला द्या," ती म्हणाली.

"तो वाचेल. ऐकणार नाही, पण वाचेल."

पहिल्या दिवशी एकशे अठ्ठेचाळीस आलं. रविवारी एकशे त्रेचाळीस. पुढच्या शनिवारी, सौनाच्या आधी, एकशे सदतीसवर चौऱ्याऐंशी. मार्लिस हा आकडा बराच वेळ बघत राहिली, पण बटण पुन्हा दाबलं ते एक मिनिट झाल्यावरच. एकशे पस्तीस. वहीतले दाते झिजत गेले आणि पान दिसायला कंटाळवाणं झालं. तिला ते कंटाळवाणं पान फार आवडलं. वेस त्या पाच मिनिटांत किटलीसुद्धा चुलीवर ठेवत नसे, शिट्टी वाजेल म्हणून.

फेब्रुवारीत ती कार्डासाठी गेली. या वेळी तपासणारा नवा होता, तरुण, घाईत. ती बाहेरून बर्फ तुडवत आली, तशी त्याने तिला उंच तपासणीच्या टेबलावर बसवलं, पाय लोंबते, आणि शर्टाच्या बाहीवर पट्टा लावायला घेतला. "रस्ते कसे आहेत आज?" त्याने विचारलं.

"रस्त्यांचं नंतर सांगते," मार्लिस म्हणाली. "मला ती खुर्ची हवी. बाही वर करते. आणि पाच मिनिटं आपण दोघांनीही बोलायचं नाही."

त्याने घड्याळाकडे बघितलं, मग तिच्याकडे. एक्केचाळीस पोरं ज्या नजरेला खाली बसत, ती नजर त्याने प्रथमच बघितली असावी. तो खुर्ची घेऊन आला.

त्या पाच मिनिटांत तिला वडिलांची खिडकी दिसली. त्यांचं बीपी कुणी कधी मोजलं होतं का, हे तिला आठवेना. घरात मशीन नव्हतं, आणि ते 'बरंय' म्हणायचे. तिने पाय जमिनीवर सपाट ठेवले.

एकशे छत्तीसवर ब्याऐंशी. एका मिनिटाने एकशे चौतीसवर ऐंशी.

त्याने कार्डावर पुढच्या वर्षाची तारीख घातली. मार्लिसने ती दोनदा वाचली. मग ती मान हलवून उठली आणि कोट विसरूनच दारापर्यंत गेली. त्याला मागून हाक मारावी लागली.

वेस पिकअपमध्ये इंजिन चालू ठेवून बसला होता. ती आत बसली, दार ओढलं.

"किती आलं?"

ती 'बरंय' म्हणणार होती. त्याऐवजी तिने दोन्ही आकडे सांगितले, मोठ्याने, त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला वळून. कार्ड दाखवलं.

वेसने ते हातात घेऊन बघितलं. मग इंजिन बंद केलं. दोन्ही हात चाकावर ठेवून तो समोरच्या बर्फाच्या ढिगाकडे बघत राहिला.

"नोव्हेंबरपासून मी आधी झोपत नव्हतो," तो म्हणाला. "तू झोपलीस की तुझ्या पाठीवर हात ठेवायचो. श्वास ऐकू येत नाही ना मला. हाताला कळतो."

मार्लिसला त्याच्याकडे बघवेना. "सांगायचंस की."

"तू कुठे सांगत होतीस गोळीचं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"बाटली मीच आणतो ना औषधांच्या दुकानातून. महिना संपला तरी गोळ्या उरत होत्या." त्याने चष्मा काढून बाहीला पुसला. "म्हटलं, हिला विचारलं तर ओरडेल आणि आणखी चढेल."

ती हसायला लागली आणि मग तिला हसू आवरेना. वेस आधी बघत राहिला, मग त्याचेही खांदे हलू लागले. काच वाफेने भरून गेली. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले आणि त्याचा हात आपल्या हातात घेतला.

"आज लवकर झोप," ती म्हणाली. "मला उद्या पाचला निघायचंय."

त्याने मान हलवली आणि गाडी सुरू केली.